रेघेच्या वरची भोकं

ॲन आर्बरच्या त्या भाड्याच्या घरात स्वयंपाकघराची सगळी कपाटं भिंतीवर उंच टांगलेली होती. खाली ओटा, ओट्याखाली एक खण, त्या खणात सिंकचे पाइप वेटोळं घालून बसलेले, आणि संसार सगळा वर. पहिल्या दिवशी त्या कपाटांकडे बघून आईने बाबांना विचारलं होतं की इथल्या बायका सगळ्या ताडमाड असतात का. ती स्वतः बुटकी, पण पट्टीची. टाचा उचलायची, उजवा हात वर टाकायची, बोटांच्या टोकांनी डबा कडेपर्यंत सरकवत आणायची आणि तो सुटला की त्याच हाताने झेलायची. तांदळाचा डबा, डाळीचा डबा, पोह्यांचा डबा, सगळे मिरजेहून ट्रंकेत बसून आलेले, स्टीलचे. सकाळी मला जाग यायची ती त्या झेलण्याच्या आवाजाने: आधी घासल्याचा आवाज, मग क्षणभर काहीच नाही, मग तळव्यावर थप्. एकदाही डबा पडल्याचं मला आठवत नाही. सगळ्यात वरच्या फळीवर, अगदी छताशी, लोणच्याची बरणी असे. खाली पांढरी, वर तपकिरी, चिनी मातीची, आईच्या दोन साड्यांत गुंडाळून आणलेली. लोणचं वर ठेवायचं हा आमच्या घरातला कायदा होता. खाली ठेवलं की येता-जाता कोणीही ओला हात घालतो आणि ओला हात लागला की बुरशी धरते. म्हणून बरणी फक्त आईने काढायची, हात पदराला कोरडा करून, आणि ताटात वाढून झालं की लगेच परत वर. बाबा विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायचे, मोठमोठ्या लोकांच्या चुका काढायचे, पण त्या बरणीला शिवायची त्यांची टाप नव्हती.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. त्या वयाची मी आज दारात येऊन उभी राहिली तर तिला आत घ्यावं की नाही, याचा मी जरा विचारच करीन. बाथरूमचं दार लावून ती आरशासमोर अमेरिकन उच्चार घोटायची, तोंडात गरम भजं धरल्यासारखे. शाळेच्या बसमध्ये कोटाला फोडणीचा वास येतो म्हणून तिने आपला कोट गॅरेजमधल्या खिळ्याला टांगायला सुरुवात केली होती. मिशिगनच्या थंडीत रोज सकाळी तो गारढोण कोट अंगात चढवताना ती दातावर दात वाजवायची, पण आईला कारण सांगायची नाही. तिला वाटायचं, आईच्या लक्षात आलेलं नाही. आईने तोवर मोहरी टाकण्याआधी खिडकी उघडायला सुरुवात केली होती, बाहेर बर्फ असो नाहीतर काही असो, आणि आमच्या या शहाणीला वाटे की आईला फार उकडतं.

उन्हाळा संपता संपता आई हॉस्पिटलमध्ये गेली. मला सांगण्यात आलं की गाठ आहे, लहानशी, काढली की झालं. कुठे आहे ते कोणी बोललं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या घरात मान आणि गुडघे यांच्या मधे माणसाला काही अवयव असतात असं कधी मानलंच गेलं नव्हतं. बाबा रोज खिचडी करायचे. एक दिवस ती पातळ व्हायची, दुसऱ्या दिवशी इतकी घट्ट की कालथा उभा राहावा. समोरच्या घरात शीलाकाकू राहायच्या, त्यांचे यजमानही विद्यापीठातलेच. त्या अधूनमधून डबा घेऊन यायच्या आणि बाबांशी हळू आवाजात बोलायच्या. मी खोलीत शिरले की बोलणं तिथेच मिटायचं आणि काकू माझ्या गालावरून हात फिरवून म्हणायच्या, "काय गं वसू, अभ्यास कसा चाललाय?" त्यांच्या डोळ्यांत पाणी असे. आता दोन मोठी माणसं कुजबुजतायत, एक बाई आपल्याकडे बघून डोळे पुसतेय, आणि आई दोन आठवडे घरात नाही. यावरून कुठल्याही शहाण्या मुलीने काय अर्थ काढला असता? मी असा काढला की माझं लग्न ठरवतायत. मला मिरजेला परत पाठवणार, तिकडे कुणीतरी बँकेतला मुलगा बघून ठेवलेला आहे, आणि आई हॉस्पिटलच्या नावाखाली मामाशी फोनवर बोलणी करतेय. बाथरूममधल्या आरशासमोर उच्चारांची जागा आता नकाराच्या भाषणाने घेतली. भाषण इंग्रजीत होतं. ते मिरजेच्या कुठल्या बँकवाल्याला कळणार होतं देव जाणे.

त्याच दिवसांत लोणच्याला बुरशी आली. बाबांनी धीर करून बरणी ओट्यावर काढून ठेवली होती, कारण ती खिचडी लोणच्याशिवाय घशाखाली उतरत नव्हती, आणि मी नळाखाली धुतलेला चमचा तसाच आत घातला. आई घरी आली तेव्हा तिने साडीवर बाबांचा ढगळ शर्ट घातलेला होता आणि उजवा हात पोटाशी असा धरलेला होता जसं त्यात एखादं मूल झोपलंय. बाबांनी सगळे डबे वरून खाली आणून ठेवले होते, ओट्यावर, खिडकीत, जेवायच्या टेबलावर, एक तर खुर्चीतच बसवला होता. आईने आधी वरच्या रिकाम्या कपाटांकडे पाहिलं. मग बरणीचं झाकण उघडलं, आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बाबांकडे पाहिलं. एरवी त्या एका चमच्यावर आठवडाभर ऐकून घ्यावं लागलं असतं. या खेपेला तिने नुसतं डाव्या हाताने लोणचं कचऱ्यात ओतलं, बरणी धुतली आणि खिडकीपाशी पालथी घातली. मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. लग्नाची नाही, दुसरीच, आणि तिला नाव देता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उशिरा उठले, कारण थप् आवाज आलाच नव्हता.

मग एका शनिवारी बाबा गाडीच्या टपावर दोरीने बांधून प्लायवूड घेऊन आले. "कपाट करतोय," एवढंच म्हणाले. जमिनीवर उभं राहणारं, माझ्याहून थोडं उंच, आत वर-खाली सरकवता येणाऱ्या फळ्या. दोन्ही बाजूंच्या आतल्या अंगाला भोकांच्या ओळी पाडायच्या, भोकांत खुंट्या बसवायच्या, खुंट्यांवर फळी ठेवायची. फळी वर हवी असेल तर खुंट्या काढून वरच्या भोकांत, खाली हवी असेल तर खालच्या. इतकं साधं. मी ताबडतोब ओळखलं की हे माझ्या लग्नाच्या सामानात जाणार.

बाबांनी आयुष्यात कधी खिळाही ठोकला नव्हता. लायब्ररीतून आणलेलं सुतारकामाचं पुस्तक त्यांनी गॅरेजमध्ये उघडून ठेवलं आणि घरमालकांकडून ड्रिल मागून आणलं. पहिली भोकं एका टाकाऊ तुकड्यावर पाडली. भोकं कसली, उंदराने कुरतडल्यासारखी दिसत होती. प्लायवूडची वरची साल कागदासारखी पातळ असते. ड्रिल टेकलं की ती फाटते आणि भोकाभोवती कुसळं उभी राहतात. बाबा प्रत्येक भोकाच्या कडेवरून बोट फिरवायचे, मान हलवायचे आणि पुन्हा पुस्तकात तोंड घालायचे. हळूहळू जमायला लागलं. ड्रिलसाठी टोकाला बारीक सुईसारखा काटा असलेलं पातं आणलं. जिथे भोक पाडायचं तिथे आधी कागदी टेप दाबून चिकटवायची, म्हणजे साल जागची हलत नाही. ड्रिल आधी सुरू करायचं आणि मग टेकवायचं, टेकवून सुरू करायचं नाही. दाबायचं नाही, त्याचं त्याला उतरू द्यायचं. भोक आरपार जायला नको म्हणून पात्यालाही टेपचं एक निशाण बांधायचं. ते निशाण फिरत फिरत लाकडावरचा भुसा झाडायला लागलं की थांबायचं. मला ते निशाण फार आवडायचं. इवलासा झेंडा, अंगण झाडणारा. पण बाबांचं समाधान होत नव्हतं. एकही कुसळ राहता कामा नये, म्हणायचे. मी म्हटलं, कपाटाच्या आत कोण बघणार आहे? ते म्हणाले, बघायचा प्रश्न नाही. आईच्या त्या हाताला साधा ओरखडाही चालणार नव्हता, हात सुजला असता, आणि खुंट्या काढायला-घालायला तीच बोटं त्या भोकांपाशी जाणार होती, हे मला पुढे कळलं. तेव्हा मला वाटलं, बाबांना वेड लागलंय.

भोकं दोन्ही बाजूंना अगदी समोरासमोर यायला हवीत, नाहीतर फळी डुगडुगते. त्यासाठी बाबांनी एक पाटी केली. गॅरेजच्या भिंतीवर हत्यारं टांगायला भोकाभोकांचा हार्डबोर्ड लावतात ना, त्याची एक पट्टी, कपाटाच्या बाजूइतकीच लांब. ती बाजूवर ठेवायची, शिकंज्याने आवळायची आणि तिच्या भोकांतून ड्रिल घालायचं. फक्त एक होतं. पट्टी कापताना एका टोकाला भोक कडेच्या जवळ आलं होतं आणि दुसऱ्या टोकाला जरा लांब. म्हणजे पाटी एका बाजूला सरळ आणि दुसरीला उलटी लावली की सगळी भोकं अर्ध्या इंचाने चुकणार. बाबांनी एका टोकाला लाल पेन्सिलीने खूण केली आणि मला बजावलं: लाल टोक खाली. नेहमी.

(माझी नात ईशा इकडे, मी आता राहते त्या कॅरी गावात, स्वतःच्या अपार्टमेंटसाठी सध्या असंच कपाट करतेय. तिने त्यासाठी प्लास्टिकची तयार पाटी मागवली. तिच्यावर बाण छापलेला आहे आणि बाणापाशी खाली कुठलं ते लिहिलेलंही आहे. म्हणजे हा घोळ जगात आणखी पुष्कळ जणांनी घातला असणार. मला बरं वाटलं.)

पाटी तयार झाल्यावर बाबांनी आईला गॅरेजमध्ये बोलावलं. कपाटाची एक बाजू भिंतीला टेकवून उभी केली होती. बाबांनी आईला त्या बाजूसमोर उभं केलं आणि म्हणाले, "हात जाईल तेवढा वर कर." आईने केला. कोपर अंगापासून सुटलं, हात खांद्याच्या थोडा खालपर्यंत आला आणि थांबला. तिचा ओठ दाताखाली होता. बाबांनी तिच्या बोटांच्या टोकाशी पेन्सिलीने आडवी रेघ मारली, मग दुसऱ्या बाजूवरही त्याच उंचीची मारली, आणि मला म्हणाले की या रेघेच्या वर भोक पाडायचं नाही, लागणार नाही. आई त्या रेघेकडे बघत राहिली. मग आत गेली. मी लहान असताना मिरजेच्या घरी दाराच्या चौकटीवर बाबा माझी उंची अशीच मोजायचे. मी त्याबद्दल काहीतरी विनोद केला. कोणी हसलं नाही.

खंडेनवमीला आई म्हणाली की हत्यारांची पूजा व्हायला हवी. घरात हत्यार आलंय तर ते बिनपूजेचं कसं राहील. गॅरेजमधल्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून आम्ही सगळं मांडलं: ड्रिल, करवत, शिकंजे, पेचकस, आईची विळी, बाबांची गणिताची सरकपट्टी, आणि टेबलभर आडवी ती पाटी. झेंडू नव्हता, म्हणून मी बाहेरून मेपलची पिवळी पानं आणली. पूजा उजव्या हातानेच करायची, त्यात आईची तडजोड नव्हती. तिने डाव्या हाताने उजवं कोपर खालून उचलून धरलं आणि तसाच तो हात एकेका वस्तूपाशी नेत हळद-कुंकू लावलं. बोट थरथरत होतं, त्यामुळे कुंकू मोठमोठं लागलं. ड्रिल तर कपाळ भरलेल्या सवाष्णीसारखं दिसत होतं. पाटीला तिने अलीकडच्या टोकाला कुंकू लावलं. मग बाहेर जाऊन गाडीला लावलं, आणि दमून पायरीवर बसली. पूजा झालेली हत्यारं त्या दिवशी चालवत नाहीत, म्हणून काम दुसऱ्या दिवसावर गेलं. एका बाजूची भोकं बाबांनी आधीच पाडून ठेवली होती. दुसरी बाजू उरली होती.

दुसऱ्या दिवशी दसरा. आईला तपासायला हॉस्पिटलमध्ये बोलावलं होतं. बाबा जाताना म्हणाले, आल्यावर आपण दोघं मिळून करू. मला वाटलं, आल्यावर कशाला? आल्यावर त्यांना तयार दाखवू. मी केस बांधले, टेप चिकटवली, पाटी ठेवली, शिकंजे आवळले. लाल टोक खाली. बाबांच्या पेन्सिलीच्या खुणेवर एव्हाना भुसा बसला होता, आणि दुसऱ्या टोकाला आईचं कुंकू रसरशीत लाल. मी भक्तिभावाने कुंकवाचं टोक खाली घेतलं.

आणि काय सांगू, भोकं इतकी सुरेख पडली. एकेक भोक नाण्यासारखं गोल, कड कागदासारखी साफ. ड्रिल आधी सुरू, मग टेकव, झेंडा झाडायला लागला की थांब, आणि फिरतं असतानाच बाहेर काढ. गॅरेजमध्ये ताज्या लाकडाचा वास भरला. पुढच्या कडेची ओळ केली, मागच्या कडेची ओळ केली, दोन्ही कडांपासून सारख्याच अंतरावर, पुस्तकात होतं तशी. रेघेच्या वर एकही भोक जाऊ दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी सांगितलेलं सगळं तंतोतंत ऐकत होते. मग टेप सोलली, बोट फिरवलं. एक कुसळ नव्हतं. बाबांच्या भोकांपेक्षा माझी सरस होती, आणि हे मी त्यांना कुठल्या शब्दांत सांगायचं त्याची तालीम करत बसले.

ती दोघं परतली तेव्हा उन्हं कलली होती. गाडीची दारं बराच वेळ उघडली नाहीत. मग बाबा उतरले, आईच्या बाजूला गेले, तिला हात दिला. आई सरळ आत गेली. बाबा कोट न काढता गॅरेजमध्ये आले. मी दाखवलं. त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "छान." त्यांच्या आवाजात काही नव्हतं. आम्ही दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या केल्या, खुंट्या घातल्या, फळी ठेवली. ती डुगडुगली. एक कोपरा वर राहिला. बाबांनी खुंट्या काढून खालच्या भोकांत घातल्या. तेच. त्याच्या खालच्या. तेच. मग त्यांनी पाटी उचलून पाहिली. मी म्हटलं, "तुम्हीच म्हणालात लाल टोक खाली." त्यांनी कुंकवाकडे पाहिलं. तोंड उघडलं होतं ते मिटलं. ते पायरीवर बसले, आदल्या दिवशी आई बसली होती तिथेच, आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "एवढं एक तरी नीट व्हायला हवं होतं." मग चष्मा काढून डोळे पुसायला लागले. भुसा गेला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण ड्रिल बंद होऊन तास झाला होता, आणि हवेत भुसा नव्हता.

बाप रडताना बघणं मला सहन होईना, आणि मला काही सहन झालं नाही की मी चिडायचे. मी ती चुकलेली बाजू उचलली, बाहेर नेऊन टाकते म्हणून. ती माझ्याहून उंच. दारापर्यंत जाता जाता ती फिरली, मला घेऊन भिंतीवर आपटली, आणि शेवटी मी ती कशीतरी खाली डोकं वर पाय अशी पहिल्या बाजूशेजारी टेकवून ठेवली. वळून पाहिलं तर स्वयंपाकघराच्या दारात आई. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिची नजर पाटीवर होती. म्हणाली, "काल माझा हात पलीकडच्या टोकापर्यंत पोचला नाही."

मग बाबांनी चष्मा घातला आणि उठले. ते त्या दोन बाजूंकडे बघत होते. जवळ गेले, मोजपट्टी लावली, पुन्हा लावली. पाटी उलटी लावून पाडलेली भोकं, बाजू उलटी केल्यावर बरोब्बर जुळत होती. फक्त एकच की आता ती तळापासून वर येत नव्हती, माथ्यापासून खाली येत होती. एका बाजूला भोकं खालून रेघेपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला पार वरून निम्म्याच्या खाली. बाबांचा चेहरा जरा उजळला. म्हणाले, हिची खालची राहिलेली भोकं आता पाडतो, झालं काम. आणि वरची जास्तीची आहेत ती बुजवून टाकतो.

"बुजवायची कशाला?" आई म्हणाली. "त्या दुसरीलाही वरपर्यंत पाडा."

"अगं, रेघेच्या वर लागणार नाहीत."

"कोणाला?"

आई पायरी उतरून खाली आली. पेन्सिलीच्या रेघेवर तिने बोट ठेवलं. तिचा आवाज चढलेला नव्हता. "हात माझा आहे," ती म्हणाली. "तो कुठवर जाणार ते तुम्ही पेन्सिलीने कसं ठरवलंत? आणि माझं लोणचं काय आता मी गुडघ्याशी ठेवू?"

मग ती माझ्याकडे वळली आणि मला पहिल्यांदा सांगितलं. गाठ नुसती नव्हती. उजवीकडचं सगळं काढलंय, पार काखेपर्यंत, म्हणून हात वर जात नाही. कॅन्सर होता. आज ते म्हणाले की अजून किरणं द्यायची आहेत, त्याच्या पुढचं त्यांनाही माहीत नाही. बाबा दुसरीकडे बघत होते. तो शब्द आमच्या घरात तोवर कोणी उच्चारला नव्हता, आणि आई तो भाजीचं नाव सांगावं तसा सांगत होती. मी काहीतरी बोलायला हवं होतं. जगातली कुठलीही मुलगी काहीतरी बरं बोलली असती. मी म्हटलं, "म्हणजे माझं लग्न नाही ठरवत?"

आई माझ्याकडे बघत राहिली. मग ती हसायला लागली. हसताना टाके ओढले जायला लागले तशी तिने डावा हात शर्टावर घट्ट दाबून धरला, "अगं आई गं" म्हणाली आणि आणखी हसली. बाबांना आधी कळेना, मग कळलं, मग तेही. मी मधे उभी, मला कुणाशी ठरलंय असं वाटत होतं, मिरजेच्या बँकवाल्याशीच का, ते त्यांना समजावत होते, आणि मला रडू येत होतं. आईने तो दुखरा हात जाईल तेवढा उचलला. माझ्या खांद्यापर्यंत आला. तिथे ठेवला.

बाबांच्या बाजूची वरची भोकं आणि माझ्या बाजूची खालची आम्ही त्याच संध्याकाळी पाडली. बाबांनी ड्रिल धरलं, मी शिकंजा, आणि आईने डाव्या हाताने पाटीचं लाल पेन्सिलीच्या खुणेचं टोक खाली दाबून धरलं. कुंकू पुसायला मात्र तिने नकार दिला. काम आटोपल्यावर आम्ही शीलाकाकूंनी दिलेलं श्रीखंड खाल्लं, तसेच गॅरेजमध्ये उभ्या उभ्या, अंगावर भुसा घेऊन. माझा कोट तिथेच खिळ्याला होता. आईने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चमचा चाटत राहिली.

तो हिवाळा फार लांबला. रोज सकाळी आई भिंतीपाशी उभी राहून बोटांनी भिंत चढायची, किडा चढतो तशी, एकेक बोट पुढे टाकत. हॉस्पिटलमधल्या बाईने शिकवलं होतं. घाम यायचा. मी शेजारी उभी राहून मोठ्या आवाजात काहीतरी वाचून दाखवायचे, कारण आपलं कण्हणं तिला कोणाला ऐकू जाऊ द्यायचं नसे. कपाटात एका फळीवर ती रिकामी बरणी ठेवली होती. हात थोडा मोकळा झालासा वाटला की आई म्हणायची, चढव. मी खुंट्या काढून एक भोक वर घालायचे. मग किरणं सुरू झाली. कातडी भाजल्यासारखी काळवंडली, हात सुजला, तिला जेवण जाईना. एका दुपारी मी शाळेतून आले तर फळी खाली आलेली होती, एक नाही, पुष्कळ भोकं खाली, आणि आई तिच्यासमोर खुर्चीत बसलेली. तिने स्वतःच उतरवली होती. मी विचारलं नाही. तेवढं शहाणपण मला एव्हाना आलं होतं. बाबा आले, त्यांनी कपाटाकडे पाहिलं आणि खिचडी लावली. त्या दिवसांत आम्ही तिघंही त्या कपाटासमोरून जाताना नजर खाली ठेवायचो. पेन्सिलीची रेघ तिथे होतीच, आणि फळी तिच्या बरीच खाली.

बर्फ वितळायला लागलं तसा हात पुन्हा चढू लागला. आईने पिशवीभर लिंबं आणवली, चिरली, मीठ लावून खिडकीतल्या उन्हात ठेवली. इथलं ऊन कसलं, नावाचं, पण मुरली. मग बरणी भरली. भरलेली बरणी जड असते. मी पुढे झाले तर तिने कोपराने मला बाजूला केलं. हात पदराला पुसला, कोरडा आहे का पाहिलं, उजवा तळवा बरणीच्या बुडाखाली घातला, डाव्याने नुसता तोल धरला. बरणी छातीपर्यंत आली, खांद्यापर्यंत आली, तिथे थांबली. आईचे डोळे मिटलेले होते. मग ती रेघेच्या वर गेली. फळीवर टेकताना आवाज आला, थप्. बाबा वर्तमानपत्र खाली ठेवून उठले आणि गॅरेजमध्ये गेले. तिथे त्यांचं काही काम नव्हतं.

त्यानंतर आईला किती वर्षं मिळाली ते मी लिहीत नाही. आम्हाला कमी वाटली. फळी त्यानंतरही चढत राहिली, पण शेवटच्या भोकापर्यंत गेली नाही. वरची भोकं रिकामीच राहिली, आणि त्यांतली एका बाजूची मी पाडलेली असल्यामुळे मी सांगू शकते की त्यांच्या कडा अजूनही साफ आहेत.

ते कपाट आता कॅरीला, माझ्या मुलीच्या घरात, स्वयंपाकघराशेजारच्या कोठीत आहे. फळी आईने ठेवली होती तिथेच. अलीकडे माझाच उजवा खांदा आखडलाय. तो काही फार मोठा आजार नाही, म्हातारपणाचा हट्ट आहे. परवा ईशा आली होती. मी टाचा उचलून बरणीशी झटापट करतेय हे बघून म्हणाली, "आजी, जस्ट लोअर इट. इट्स ॲडजस्टेबल, दॅट्स द होल पॉइंट." आणि खुंटीला हात घातला. मी तिचा हात धरला. तिला वाटलं, मला समजलं नाही, म्हणून तिने सगळं पुन्हा सावकाश समजावून सांगितलं, भोकं कशी असतात, खुंट्या कशा काढतात. मी ऐकून घेतलं. छान समजावते.

घरातले सगळे कामावर गेले की मी हात पदराला पुसते, कोपऱ्यातलं स्टूल ओढते आणि चढते. स्टूलवर चढायला मला डॉक्टरांची सक्त मनाई आहे आणि मुलीने त्याबद्दल माझ्याकडून वचन घेतलेलं आहे. मुलीला मराठी वाचायचा कंटाळा आहे आणि ईशाला वाचता येत नाही, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.